मोहमयीतला जव्हेरी

जुना_दिवाणजी

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. टंकनाच्या चुका सांभाळून घ्या.

ऑपेरा हाऊसला हिऱ्याच्या एका पेढीवर मी बावीस वर्षं हिशेब लिहिले. आधी वहीत, मग संगणकावर, पण सेठजींच्या समाधानासाठी लाल चोपडा शेवटपर्यंत चालू होता. गादीच्या मागच्या भिंतीवर एक फोटो होता. पद्मासनात बसलेला तरुण माणूस, फासळ्या मोजून घ्याव्यात इतका कृश, कमरेला पांढरं वस्त्र, बाकी अंग उघडं. दर दिवाळीला चंदनाचा हार बदलायचा. मी पहिल्याच आठवड्यात मनाशी ठरवून टाकलं, की हे सेठजींचे आजोबा आणि हे क्षयाने गेले. विचारलं कधी नाही. दुसऱ्याच्या घरचं दुःख कशाला उकरा.

निवृत्तीनंतर, २०१७ साली, पेपरात तोच चेहरा. केंद्र सरकारने जैन तत्त्वचिंतक श्रीमद राजचंद्र यांच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त दीडशे रुपयांचं नाणं काढलं होतं, साबरमती आश्रमात कार्यक्रम झाला होता. मी बायकोला ओरडून सांगितलं, अगं हे आमच्या सेठजींचे आजोबा! ती म्हणाली, खाली नाव लिहिलंय ते वाचा.

तेव्हापासून मिळेल ते वाचतोय. पेढीवर राहून गुजराती वाचायला आलं होतंच, ते आता खरं कामाला आलं.

थोडक्यात चरित्र. जन्म ९ नोव्हेंबर १८६७, कार्तिकी पौर्णिमा, सौराष्ट्रात मोरबीजवळचं ववाणिया. आजोबा कृष्णभक्त, आई जैन घरातली, त्यामुळे कानावर दोन्ही पडलं. सात वर्षांचे असताना ओळखीतले अमीचंद नावाचे गृहस्थ साप चावून गेले. 'गेले म्हणजे काय' याचं धड उत्तर घरात कोणी देईना, तेव्हा हे पोरगं तळ्याकाठच्या बाभळीवर चढून चिता बघत बसलं. तिथे त्यांना पूर्वजन्मांचं स्मरण झालं असं चरित्रकार लिहितात. जैनांमध्ये त्याला जातिस्मरण म्हणतात. त्यावर ज्याचं त्याने ठरवावं. मला ते बाभळीवरचं पोर डोळ्यांसमोरून हलत नाही, काटे बोचत असतील तरी उतरलं नाही.

सोळाव्या वर्षी 'मोक्षमाळा' लिहिली, १०८ पाठ, तीन दिवसांत. आणि मग मुंबई.

२२ जानेवारी १८८७. धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये शतावधानाचा प्रयोग. म्हणजे एकाच वेळी शंभर गोष्टींवर ध्यान: कोणी गणित घालतोय, कोणी घंटेचे टोले देतोय, कोणी परक्या भाषेतल्या वाक्यातले शब्द उलटसुलट क्रमाने, अधूनमधून सांगतोय, कोणाला अमुक वृत्तात अमुक विषयावर कविता हवीय, आणि शेवटी सगळ्यांची सगळी उत्तरं एकदम. वय वर्षं १९. याआधी बोटादला बावन्न अवधानं केली होती, इथे शंभर. सुवर्णपदक मिळालं, 'साक्षात सरस्वती' म्हणून गौरव झाला. टाइम्स ऑफ इंडियात बातमी आली. मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट यांनी विलायतेला जाऊन हे दाखवा असं सुचवलं. हे नाही म्हणाले, कारण तिथे जैन आचार पाळून राहता येणार नाही. आणि थोड्याच काळात अवधानं करणंच सोडून दिलं. टाळ्या मिळतात, आत्म्याचं काही भलं होत नाही, एवढाच त्यामागचा हिशेब. माझ्या मते शंभर अवधानांपेक्षा हे अवघड. आपल्याकडे एका रिॲलिटी शोवर माणूस आयुष्यभर जगतो.

१८८८ मध्ये लग्न झालं. पुढे रेवाशंकर जगजीवनदास यांच्यासोबत भागीदारीत हिरे-मोत्यांचा धंदा, तो पुढची दहाएक वर्षं. जुलै १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन बोटीतून उतरलेले गांधीजी डॉ. प्राणजीवन मेहतांच्या घरी उतरले आणि तिथे त्यांची या 'रायचंदभाईं'शी ओळख झाली. डॉ. मेहता हे रेवाशंकरांचे भाऊ. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय की लाखोंचा सौदा संपला की हा माणूस गादीवरच वही उघडून आत्म्याविषयी लिहायला लागायचा. व्यापाऱ्यांना ते नवीन नव्हतं, गांधीजींना होतं.

आता माझा मुद्दा. त्यांच्या पत्रांवर स्थळ म्हणून अनेकदा मुंबईऐवजी 'मोहमयी' असं येतं. मोहमयी क्षेत्र! आपण मायानगरी म्हणतो ते नटनट्यांच्या कौतुकाने. त्यांनी लिहिलं ते तापाने फणफणलेल्या माणसाने लिहावं तसं. धंद्याला ते 'उपाधी' म्हणतात, म्हणजे मागे लागलेला व्याप. ही उपाधी कशी सुटेल, ही तगमग पत्रांत सारखी दिसते. आणि तरी पेढी सोडून पळाले नाहीत. चातुर्य कमी पडू दिलं नाही, भागीदाराचं नुकसान होऊ दिलं नाही. मधूनमधून खेडा, काविठा, ईडरच्या डोंगरात एकांताला जायचे आणि परत इथेच. ९ एप्रिल १९०१ ला राजकोटला गेले. वय ३३. (क्षय नव्हे, संग्रहणी. माझा अंदाज तिथेही चुकला.)

दीक्षा घेतलेल्या महाराजांबद्दल आदर आहेच. पण पायांत पेढी, डोक्यात दलालाचा भाव, घरात लेकरं, आणि हे सगळं चालू असताना आतला माणूस जागा ठेवणं खरंच जमतं का? की आपल्यासारख्यांना बरं वाटावं म्हणून सांगायची ही गोष्ट? जाणकारांनी लिहावं.

गिरगावचा_गोट्या

दिवाणजी काका, पहिलाच धागा आणि असा! येत राहा.

फ्रामजी कावसजी म्हणजे मेट्रोसमोरची ती इमारत, जिच्यात पीपल्स फ्री रीडिंग रूम आहे. बारावीला मी रोज तिथे अभ्यासाला जायचो. घरी दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, दुसरीकडे जाणार कुठे. शंभर गोष्टींवर ध्यान राहू द्या, माझं एका फिजिक्सवर राहत नव्हतं. त्याच वास्तूत हे घडलं हे आज कळलं.

तर्ककर्कश

लेख चांगला, पण दोनचार गोष्टी टोचल्या.

अवधान ही कला आहे, सिद्धी नव्हे. आंध्रात अष्टावधान, शतावधान करणारे पंडित आजही आहेत. सरावाने येतं. जातिस्मरणाबद्दल बोलायलाच नको. सात वर्षांच्या मुलाला काय आठवलं हे मोठेपणी कोणी कोणाला सांगितलं, कोणी लिहिलं, हे सगळं भक्तांच्या हातून आलेलं.

शिवाय या परंपरेत व्यापाराच्या दोन कथा हमखास सांगतात. एक, ज्यात भाव चढल्यामुळे समोरचा व्यापारी बुडणार होता म्हणून यांनी करारपत्रच फाडलं. दुसरी त्या अरब मोतीवाल्याची, ज्याच्या धाकट्या भावाने थोरल्याला न विचारता मोती विकले आणि यांनी सौदा उलटा फिरवून मोती परत दिले. छान आहेत. पण संत म्हटला की अशी एक गोष्ट असतेच. आपल्या तुकोबांची इंद्रायणीत बुडवलेली कर्जखतं घ्या.

जुना_दिवाणजी

तर्ककर्कश, कला आहे हे त्यांनाही मान्य असावं, म्हणून तर सोडली. सिद्धी मानली असती तर मठ निघाला असता.

भक्तांचं सोडा, साक्षीदार बॅरिस्टर घ्या. गांधीजींनी पहिल्या भेटीत परीक्षा घेतली. येत होते तेवढे परदेशी भाषांतले शब्द कागदावर लिहिले आणि वाचून दाखवले. रायचंदभाईंनी ते त्याच क्रमाने परत म्हणून दाखवले. आणि पुढे गांधीजी स्वतःच म्हणतात की या स्मरणशक्तीचा हेवा वाटला पण तिने मी भारावलो नाही. भारावले ते शास्त्रांच्या ज्ञानाने, निर्मळ चारित्र्याने आणि स्वतःला ओळखण्याच्या त्यांच्या ध्यासाने. त्यांची समतोल वृत्ती ढळलेली कधी पाहिली नाही, असंही लिहून ठेवलंय. आयुष्यावर ठसा उमटवणारी आधुनिक माणसं तीन: टॉल्स्टॉय आणि रस्किन पुस्तकांतून, रायचंदभाई प्रत्यक्ष सहवासातून.

तरीही गुरू मानलं नाही, हेही तिथेच आहे. गुरूचं सिंहासन रिकामंच राहिलं म्हणतात. भक्तिभावाने लिहिणारा माणूस हे वाक्य गाळून पुढे जातो, गांधीजींनी गाळलं नाही. म्हणून मला त्यांची साक्ष जास्त वजनदार वाटते.

करारपत्राच्या गोष्टीचा पुरावा माझ्याकडे नाही. पण पेढीवर काम केलेल्या माणसाला एक कळतं: गोष्ट खोटी असली तरी ती कोणाच्या नावावर खपते आणि कोणाच्या नाही, यातही काही असतं. आमच्या सेठजींच्या नावावर ती एक दिवसही खपली नसती.

खेतवाडी_दहावी_गल्ली

'पेढीवर बसून जमतं का' असं गिरगावात विचारता होय! आमच्याच गल्लीत निसर्गदत्त महाराज. विड्यांची दुकानं होती त्यांची. मारुती कांबळी. गुरू सिद्धरामेश्वर महाराज, ज्यांची समाधी बाणगंगेला आहे. सुरुवातीला महाराज सगळं सोडून हिमालयाकडे निघालेही होते, वाटेतून परत आले. माझे वडील त्यांच्या पोटमाळ्यावर जायचे. छोटी खोली, गोऱ्यांची गर्दी, महाराजांच्या हातात विडी आणि तोंडात मराठी. १९८१ ला गेले.

खेतवाडी ते ऑपेरा हाऊस चालत दहा मिनिटं. एक विडीवाला, एक जव्हेरी. मालात फरक, दुकानदारी तीच.

तर्ककर्कश

@खेतवाडी, विडीच्या धंद्यात आणि हिऱ्याच्या धंद्यात विरक्तीची किंमत सारखी नसते. विडीवाला काय सोडणार?

खेतवाडी_दहावी_गल्ली

विडी. ती सुटली नाही म्हणून तर घशाचा कर्करोग झाला. असो.

सांगलीकर_डोंबिवलीत

धागा आवडला, पण एक जुनी तक्रार इथे मांडतो. जैन म्हटलं की मुंबईच्या माणसाला गुजराती-मारवाडीच दिसतात. आम्ही दिगंबर, सांगलीकडचे, शेतकरी. घरात मराठीच, शेतात ऊस. डोंबिवलीला आडनाव 'पाटील' सांगितलं आणि डब्यात कांदा नाही म्हटलं की लोक विचारतात उपास आहे का. कर्मवीर भाऊराव पाटील जैन होते हे सांगितलं तर अर्ध्या लोकांना खोटं वाटतं.

आमच्याकडे थोर नाव म्हणजे आचार्य शांतिसागर महाराज. बेळगावकडच्या भोज गावचे. दक्षिणेतून उत्तरेपर्यंत पायी विहार केला, मरगळलेली दिगंबर मुनिपरंपरा पुन्हा उभी केली. १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली, म्हणजे अन्न सोडून देह ठेवण्याचं व्रत, छत्तीस दिवस. आजी त्या वेळी बैलगाडीने दर्शनाला गेली होती, शेवटपर्यंत त्याच आठवणीवर जगली. तर आमच्या संस्कारांत गुरू म्हणजे ज्याने सगळं टाकलं तो. अंगावरचं वस्त्रसुद्धा. त्यामुळे लहानपणी कोणी 'गृहस्थ ज्ञानी' म्हटलं की आम्हाला ते पळवाट वाटायचं. खरं सांगायचं तर अजूनही थोडं वाटतं.

पण एक दुवा सापडला म्हणून लिहितो. श्रीमदांच्या प्रेरणेने मुंबईत परमश्रुत प्रभावक मंडळ निघालं आणि त्यांच्या नावाच्या शास्त्रमालेत कुंदकुंदांसारख्या दिगंबर आचार्यांचे ग्रंथ छापले गेले. त्यातला १९३५ चा 'प्रवचनसार' संपादला तो कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातल्या प्रा. आ. ने. उपाध्ये यांनी. इंग्रजी प्रस्तावना अशी की जगभरचे अभ्यासक आजही ती काढून वाचतात. म्हणजे स्थानकवासी (मूर्तिपूजा न मानणाऱ्या जैन पंथातल्या) आईचा, वैष्णव आजोबांचा मुलगा, मुंबईतली माला, दिगंबर ग्रंथ, आणि संपादक आमच्या कोल्हापूरचा प्राध्यापक. आमच्यात पंथांवरून तीर्थांचे खटले कोर्टात चालतात, त्या मानाने हे काहीच्या बाही थोर आहे.

दादरकर_७७

जैन धर्मावर धागा आहे तर कबुतरखान्याबद्दलही कोणीतरी

संपादक मंडळ

कबुतरखाना, मांसाहारी भाडेकरू आणि सोसायट्यांचे नियम यांवर स्वतंत्र धागे आहेत. तिथे भरपूर जागा आहे. इथला वरचा प्रतिसाद अर्धा उडवला आहे, पुढचे पूर्ण उडतील.

आरे_कॉलनीतला

गांधीजींनी आफ्रिकेतून यांना प्रश्न पाठवले होते ना? सापाचा प्रश्न त्यातलाच का? आमच्याकडे पावसाळ्यात आठवड्याला एक निघतो म्हणून विचारतोय. सर्पमित्राचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय.

जुना_दिवाणजी

हो, त्यातलाच. १८९४ साल. आफ्रिकेत ख्रिस्ती मित्र आग्रह करत होते, मुसलमान व्यापारी मित्रही होते, गांधीजींच्या मनात धर्माविषयी काहूर. सत्तावीस प्रश्न लिहून पाठवले. आत्मा म्हणजे काय, ईश्वर कोण, मोक्ष देह असतानाच कळतो का, राम-कृष्णाच्या भक्तीने मोक्ष मिळतो का, असे एकेक. शेवटचा प्रश्न खास वकिली: साप चावायला आला आणि त्याला हटवण्याची ताकद माझ्यात नाही, तर चावू द्यावं की मारावं?

उत्तराचा मथितार्थ असा. चावू द्या, असं तुम्हाला सांगताना विचार पडतो. पण देह नाशवंत आहे हे खरोखर उमगलं असेल तर त्या देहासाठी, ज्याला स्वतःचा देह प्रिय आहे अशा जिवाला मारणं कसं योग्य ठरेल? आत्महित हवं असेल त्याने देह जाऊ द्यावा. आणि ज्याला ते नकोच असेल त्याने? त्याला मार म्हणून मी कसा सांगू. तशी वृत्ती तुमच्या-माझ्या स्वप्नातही न येवो.

मला यात 'विचार पडतो' हे फार आवडतं. साप चावून गेलेल्या माणसाची चिता सातव्या वर्षी बघितलेला माणूस हे उत्तर लिहितोय, हे विसरू नका. आणि बाकी उत्तरांतही धर्म बदल किंवा बदलू नको असला हुकूम नाही. वाच म्हणाले, धीर धर म्हणाले. वाचायला दिलं तेही नुसतं जैन नाही, त्यात योगवासिष्ठाचं मुमुक्षु प्रकरण होतं, पंचीकरण होतं, दोन्ही वेदान्ताकडचे ग्रंथ.

तुमचा सर्पमित्र बरा. त्यांच्या वेळी फ्रिजही नव्हता.

काचेची_बरणी

मघापासून वाचतेय. सगळे पुरुष मिळून 'संसारात राहून जमतं का' विचारताय. संसार म्हणजे कोण? तिला नाव आहे. धाग्यात '१८८८ मध्ये लग्न झालं' एवढ्यात उरकलंत दिवाणजी.

आत्मकथा मीही वाचली आहे. गांधीजी ग्लॅडस्टन बाईंचं, म्हणजे इंग्लंडच्या पंतप्रधानांच्या बायकोचं, कौतुक करतात, की पार्लमेंटमध्येही नवऱ्याला स्वतःच्या हातचा चहा देत असत. त्यावर रायचंदभाई विचारतात: ती पत्नी नसून बहीण असती किंवा मोलकरीण असती आणि तितक्याच प्रेमाने चहा दिला असता, तर? त्यातलं मोठं कुठलं? तिथून गांधीजींच्या डोक्यात ब्रह्मचर्याचं बीज पडलं. प्रश्न धारदार आहे, मान्य. पण दोन लग्न झालेले पुरुष बसून बायकोच्या प्रेमाचं मोल ठरवतायत आणि चहा कोणी केला असेल त्या दिवशी?

जुना_दिवाणजी

ताई, चूक कबूल. झबकबाई त्यांचं नाव. डॉ. प्राणजीवन मेहता आणि रेवाशंकर यांचे थोरले भाऊ पोपटलाल, त्यांची ही मुलगी. म्हणजे भागीदाराची पुतणी. चार मुलं, दोन मुलगे दोन मुली. नवरा गेला तेव्हा मुलं लहान असणार, त्यांचं वयच तेहेतीस. मी वाचलेल्यात त्यांच्या तोंडचं काही सापडलं नाही. नवऱ्याची साडेनऊशेच्या आसपास पत्रं आणि लिखाणं छापली आहेत, बहुतेक पुरुषांना लिहिलेली.

काचेची_बरणी

सापडलं तर लिहा. नाहीतर ते रिकामं सिंहासन मी झबकबाईंना देते.

लालबागची_सून

@बरणी +१, टाळ्या.

एक मजेशीर गोष्ट. लल्लुजी महाराज म्हणून त्यांचे शिष्य होते, पुढे ज्यांनी अगासचा आश्रम काढला. माझ्या सासरच्या शेजारी एक मेहता आजी राहायच्या, त्यांच्याकडून ऐकलं आणि नंतर पुस्तकातही सापडलं: त्यांचा १८९३ चा चातुर्मास आमच्या चिंचपोकळीला झाला! हे मुनी, पेढीवाल्या श्रीमदांचा सहवास मिळावा म्हणून मुंबईत आले. श्रीमद त्यांना म्हणाले, असल्या ठिकाणी साधूंनी का यावं? समाधिशतक हा जैन ग्रंथ वाचायला दिला, आणि त्यावर एक ओळ स्वतःच्या हाताने लिहून दिली.

यातलं खरं धाडस कळायला नियम माहीत हवा. साधूने गृहस्थाच्या पाया पडायचं नसतं, कितीही थोर असला तरी. लल्लुजींनी खंभातला आधीच या संसारी माणसाला दंडवत घातला होता. पंचविशीही न ओलांडलेला व्यापारी समोर, आणि मुनी जमिनीवर. केवढा गहजब झाला. पुढे संघाने त्यांना बाहेर काढलं, तरी मागे हटले नाहीत. मेहता आजी हे सांगताना दर वेळी आवाज खाली आणायच्या, जसं काही अपासऱ्यात (जैन साधू उतरतात त्या जागी) ऐकू जाईल.

आणि १८९३ बघा ना! गिरगावात केशवजी नाईक चाळीत पहिला सार्वजनिक गणपती तेव्हाच, गांधीजी आफ्रिकेला निघाले तेही तेव्हाच, आणि महुव्याचे वीरचंद गांधी शिकागोला जैनांतर्फे बोलले तेही त्याच साली. चिंचपोकळीत मात्र दोन माणसं शांत बसली होती.

बीकेसी_स्लो_लोकल

मी हिरे बाजारातच आहे, सॉर्टिंगला. आमच्याकडे पण हा फोटो आहे. मालक रोज पाया पडतात. पण शिकवण नक्की काय हो? सोप्या भाषेत सांगा ना कोणी. गुजराती बोलता येतं, वाचता येत नाही.

जुना_दिवाणजी

बाबा, मी पंडित नाही, कारकून. कारकुनाला समजलं तेवढं लिहितो.

मुख्य ग्रंथ 'आत्मसिद्धी'. १४२ दोह्यांचा. सायल्याच्या सौभागभाईंनी विनंती केली, की आत्म्याच्या सहा पदांचं तुमचं पत्र गद्यात आहे, पाठ होत नाही, पद्यात द्या. १८९६ च्या शरदात नडियादला संध्याकाळी बसले, शिष्य अंबालालभाई कंदील धरून उभे, आणि दीड-दोन तासांत एका बैठकीत लिहून दिलं. चारच प्रती करवल्या, चार माणसांसाठी. आज लोक पुस्तक लिहायच्या आधी प्रकाशन समारंभाची तारीख घेतात.

ती सहा पदं अशी: आत्मा आहे, तो नित्य आहे, कर्माचा कर्ता तोच आहे, फळ भोगणारा तोच आहे, सुटका आहे, आणि सुटकेचा उपाय आहे. शिष्य एकेकावर शंका घेतो. शंका लेच्यापेच्या नाहीत. दिसत नाही, मग आहे कशावरून? देह मेला की तोही मेला का नाही? गुरू चिडत नाही. म्हणतो, आत्म्याची शंका घेतोय तो कोण, ते बघ आधी. आणि देह वेगळा, आत्मा वेगळा, कसे? म्यान आणि तलवार.

तुला हिरे बाजारातलं सांगतो. जांगडावर, म्हणजे पसंत पडला तर घेऊ नाहीतर परत या बोलीवर, माल आणतो तेव्हा पुडी तुझ्या खिशात असते, पण जमेला धरतोस का? तसा देह.

पण त्याआधीचा भाग मला जास्त झोंबतो. सुरुवातीलाच दोन प्रकारच्या माणसांना धरलंय. एक क्रियाजड, म्हणजे पूजा, उपास, माळ सगळं काटेकोर आणि आत काही हललेलं नाही. दुसरा शुष्कज्ञानी, तोंडाने बंध-मोक्ष सगळी कल्पना म्हणतो आणि वागतो मोहाच्या आवेगात. श्रीमदांना यांची कीव येते, राग नाही. मग मतार्थी आणि आत्मार्थी अशी वर्गवारी: मतार्थीला आपलं मत, आपला पंथ, आपला गुरू सांभाळायचा असतो. हा भाग वाचून मी आपल्या या संकेतस्थळावरचे राजकारणाचे धागे वाचणं सोडलं, दोन महिने. मग परत सुरू केलं.

सांगलीकर_डोंबिवलीत

जांगडाचं उदाहरण आमच्या पाठशाळेत पाठवतो. नाव देऊ का?

जुना_दिवाणजी

नको. आमच्या दलालाचं आहे ते, तो दुसऱ्याच संदर्भात म्हणायचा.

मणिभवन_मुक्काम

एक दुरुस्ती करतो, कारण पर्यटकांना लोक सर्रास सांगतात. श्रीमद राजचंद्र मणिभवनात कधी राहिले नाहीत. लॅबर्नम रोडवरचं ते घर रेवाशंकर जव्हेरींचं, म्हणजे त्यांच्या भागीदाराचं, हे खरं. पण गांधीजींचा तिथला मुक्काम १९१७ ते १९३४, श्रीमद १९०१ लाच गेले होते. रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह, गच्चीवरच्या तंबूतून झालेली १९३२ ची अटक, हे सगळं ज्या छपराखाली झालं ते छप्पर रायचंदभाईंच्या भागीदाराचं. संबंध आहे, मुक्काम नाही.

तर्ककर्कश

दिवाणजी, बराच वेळ गप्प बसलो, आता सरळ विचारतो. रागावू नका. मूळ प्रश्न तुमचा होता, पेढीवर जमतं का. तुम्ही उत्तर रायचंदभाईंचं दिलंत, गांधींचं दिलंत, विडीवाल्याचं आलं. तुमच्या पेढीचं काय? बावीस वर्षं तो फोटो भिंतीवर होता. त्याच्याखाली व्यवहार स्वच्छ होते?

जुना_दिवाणजी

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण लिहावं की नाही ठरत नव्हतं. सेठजी आता नाहीत, पेढी मुलांनी बंद केली, बाजार बीकेसीला गेला. लिहायला हरकत नाही.

नव्हते. पक्का चोपडा होता आणि कच्ची वही होती. कच्ची मी लिहायचो, माझ्याच अक्षरात. पगारात थोडं वरचं मिळायचं त्याचं, मुलीच्या इंजिनिअरिंगची फी त्यातून गेली. तेव्हा मी म्हणायचो, बाजाराची रीत आहे, माझं काय जातं, मी हुकमाचा ताबेदार.

सेठजी माणूस वाईट नव्हता. पर्युषणात आठ दिवसांचे उपास, फक्त उकळलेल्या पाण्यावर. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर, शिपायासमोर हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचे, आणि शिपाई लाजून गोंधळून जायचा. बायपासला माझ्या भावाला पैसे दिले ते परत मागितले नाहीत, कुठल्याही वहीत लिहिले नाहीत.

एक गोष्ट मला २०१७ नंतर आठवायला लागली. संध्याकाळी साडेसहाला कच्ची वही निघायची. ती काढली की सेठजी गादीवरून उठून समोरच्या लाकडी खुर्चीवर येऊन बसायचे, भिंतीकडे तोंड करून, आणि आकडे सांगायचे. मी गादीच्या कडेला, फोटोकडे पाठ. म्हणजे त्यांना फोटो समोर दिसायचा, मला नाही. बावीस वर्षं मी समजत होतो की गादीवर बसून त्यांची कंबर धरते.